सिग्नलवाल्यांचा बिल्ला



घरात कुणी फौजेतून निवृत्त झालं असेल,
तर त्यांची जुनी पत्र्याची पेटी उघडून बघा.
टोपीवरचा पितळी बिल्ला सापडेल.

त्यावर धावणारी आकृती आहे?
पायांना पंख, हातात दंड?
हा मर्क्युरी, रोमन देवांचा निरोप्या.
लष्करातलं संदेशवहन सांभाळणारे सिग्नलवाले त्याला लाडानं ‘जिमी’ म्हणतात.

आपल्या लष्कराची सिग्नल कोअर 1911 सालची.
तिचं बोधवाक्य, ‘तीव्र चौकस’.

आता बिल्ल्याचा माथा पाहा.
मुकुट असेल, तर तो इंग्रजी अमदानीतला.
अशोकाचे सिंह असतील, तर स्वतंत्र भारताचा.
मुकुट की सिंह, एवढं आधी पाहायचं.
बाजारात नकलाही फिरतात, म्हणून नुसत्या मुकुटाला भुलू नका.

आणि हो, ब्रासोनं घासू नका!
परेडसाठी घासून घासून जिमीचे नाकडोळे आधीच पुसट झालेले असतात.
काही संग्राहकांना ती झीजच हवी असते.

पण खरी किंमत माहितीला.
बिल्ला कुणाचा, कुठल्या युनिटचा, नोकरी कुठे झाली,
हे चिठ्ठीवर लिहून बिल्ल्यासोबत ठेवा.
पुन्हा सांगतो, चिठ्ठी हवीच.

आजोबा घरात असतील,
तर आज संध्याकाळीच त्यांना विचारून घ्या.