ऊनोदरी, स्थूलता आणि वाणीची अहिंसा



सहा बाह्य तपांत अनशनानंतर ऊनोदरीचा क्रम येतो. भुकेपेक्षा चार घास कमी खाणे, हेच ते तप. नंदुरबारच्या बाजारपेठेत दिवसभर गादीवर बसणाऱ्या व्यापारी समाजास त्याची विशेष आवश्यकता आहे. पर्युषणात उपवास करावा आणि पारण्यानंतर मिष्टान्नांनी तो भरून काढावा, यात संयम कोठे उरला?

वजनाचा काटा मात्र पूर्ण सत्य सांगत नाही. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे उंचीच्या मानाने वजन सारखेच होते. तरीही २००४ साली प्रसिद्ध झालेल्या तुलनेत युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के चरबी आढळली. म्हणून पुरुषांनी कमरेचा घेर ९० व स्त्रियांनी ८० सेंटिमीटरच्या आत राखावा. मधुमेहींनी तपश्चर्येपूर्वी डॉक्टरांचा सल्ला अवश्य घ्यावा.

स्थूलता केवळ जिभेच्या लोभाने येत नाही. आनुवंशिकता, थायरॉईडचे विकार, काही औषधे, मनाची उदासीनता हीदेखील तिची कारणे होत. थट्टेने वजन घटत नाही; उलट व्यक्ती समारंभ टाळते, एकांतात अधिक खाते, उपचारासही संकोचते. मुंगीला जपणाऱ्या समाजाने विवाहयोग्य कन्येला देहावरून टोचावे, ही वाणीची हिंसाच होय. साधूंसाठी सांगितलेली भाषासमिती श्रावकांनीही घरी पाळावी.

या सुवर्णमहोत्सवी वर्षात ताटात अन्न मोजके वाढावे आणि मुखातून शब्दही तोलून यावेत, हाच संकल्प! जय जिनेंद्र!