दोन वायरी आणि एक स्टेपनी: सर्व्हरचं नेटवर्क बाँडिंग

आजचा विषय सर्व्हरच्या मागच्या बाजूचा आहे, जिथे वायरी लागतात तिथला. रॅकमधल्या जवळपास प्रत्येक सर्व्हरला नेटवर्कचे किमान दोन पोर्ट असतात. हे पोर्ट एकत्र बांधायचे आणि ऑपरेटिंग सिस्टिमला एकच इंटरफेस दाखवायचा, याला म्हणतात बाँडिंग. आयपी ॲड्रेस मग त्या एकत्र इंटरफेसला द्यायचा, खालच्या पोर्टना नाही.

बाँडिंग कशासाठी करता, असं कुणालाही विचारा. दोन उत्तरं येतात. एक, वायर तुटली तरी सर्व्हर चालू राहावा. दोन, वेग दुप्पट व्हावा. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत. पण त्याच दोन वायरींतून दोन्ही गोष्टी एकाच वेळी पूर्ण मिळत नाहीत. आज मला मुख्य हेच सांगायचंय.

आधी प्रकार बघू. लिनक्सच्या बाँडिंग ड्रायव्हरमध्ये शून्यापासून सहापर्यंत ७ मोड आहेत. रोजच्या कामात दोन पक्के माहीत असले तरी पुरतं.

मोड १, ॲक्टिव्ह-बॅकअप. एक पोर्ट काम करतो, दुसरा नुसता बसून असतो. पहिला गेला की दुसरा उभा राहतो. ही सरळ सरळ गाडीची स्टेपनी आहे. स्विचवर वेगळं काही सेट करावं लागत नाही, आणि दोन वायरी दोन स्वतंत्र स्विचमध्ये लावता येतात.

मोड ४, म्हणजे एलएसीपी. इथे दोन्ही पोर्ट एकाच वेळी काम करतात आणि सर्व्हर व स्विच एकमेकांशी बोलून ठरवतात की या दोन वायरी मिळून एक गट आहे. त्यामुळे स्विचवरही तसं कॉन्फिगर करावंच लागतं. याचं आयट्रिपलई स्टँडर्ड २००० साली ८०२.३एडी या नावाने आलं. २००८ मध्ये ते ८०२.१एएक्समध्ये गेलं, पण लिनक्समध्ये मोडचं नाव अजून जुनंच आहे.

आता वेगाचं बघू. १० गिगाबिटचे दोन पोर्ट मोड ४ मध्ये बांधले. एका मोठ्या फाइलची कॉपी लावली. वेग किती मिळेल? २० नाही, जास्तीत जास्त १०. कारण एका कनेक्शनची सगळी पॅकेट एकाच वायरीने जातात. मुंबईहून पुण्याला एक्स्प्रेस वे आहे आणि जुना हायवेही आहे. दोन रस्ते आहेत म्हणून तुमची एक गाडी लवकर पोचत नाही, जास्त गाड्या पोचतात. एकाच कनेक्शनची पॅकेट दोन्हीकडे वाटली, तर ती मागेपुढे पोचतात आणि टीसीपीला वाटतं की मधलं काहीतरी हरवलं. मग तो पुन्हा पाठवत बसतो. मोड शून्यमध्ये नेमका हाच त्रास होतो.

मग कुठलं कनेक्शन कुठल्या वायरीने जायचं, हे कोण ठरवतं? एक हॅश. लिनक्समध्ये तो मुळात मॅक ॲड्रेसवरून काढला जातो. इथे एक गंमत आहे. तुमचा सगळा ट्रॅफिक एकाच गेटवेमधून बाहेर जात असेल, तर समोरचा मॅक ॲड्रेस कायम तोच राहतो. म्हणजे हॅशही तोच आणि वायरही तीच! दुसरी वायर रिकामी. अशा वेळी हॅश पॉलिसी लेयर थ्री प्लस फोर करायची, म्हणजे आयपी आणि पोर्ट नंबर बघून वाटणी होते. आणि ही फक्त जाणाऱ्या ट्रॅफिकची वाटणी. येणारा ट्रॅफिक कुठल्या वायरीने पाठवायचा ते स्विच त्याच्या हॅशने ठरवतो, तिथलं सेटिंग वेगळं बघावं लागतं.

आता मुख्य मुद्दा. मी पाहिलेला एक प्रसंग सांगतो, कंपनीचं नाव घेत नाही. स्टोरेज सर्व्हर, १० गिगाबिटचे दोन पोर्ट, मोड ४, दोन वेगळे स्विच. कागदावर सगळं उत्तम. एका रात्री एका स्विचचं फर्मवेअर अपग्रेड ठरलं. सगळ्यांचं म्हणणं एकच, बाँडिंग आहे, काही होणार नाही. स्विच रीबूटला गेला. बाँडिंगने आपलं काम चोख केलं, सगळा ट्रॅफिक दुसऱ्या वायरीवर आला. पण त्याच वेळी रात्रीचे बॅकअप चालू होते आणि एकूण ट्रॅफिक १३ गिगाबिटच्या आसपास होता. १० च्या वायरीत १३ कसे बसणार? पॅकेट ड्रॉप व्हायला लागली, ॲप्लिकेशनचे टाइमआउट सुरू झाले. पिंग चालू, सर्व्हर अप, म्हणून निम्मी टीम डेटाबेसमध्ये दोष शोधत होती. स्विच परत आल्यावर सगळं आपोआप सुरळीत झालं.

यात बिघडलं काहीच नव्हतं. पण ट्रॅफिकने १० गिगाबिट ओलांडले, त्या दिवसापासून त्या सर्व्हरला राखीव वायर उरलीच नव्हती. स्टेपनी काढून पाचवं चाक म्हणून लावली, तर ती स्टेपनी राहत नाही. आणि हे कळवायला कुठलीही एरर येत नाही. ट्रॅफिक रोज थोडा थोडा वाढतो आणि रिडन्डन्सी गुपचूप संपते.

म्हणून हिशोब साधा ठेवा. दिवसातला सर्वांत जास्त ट्रॅफिक एक वायर वजा करून उरलेल्यात मावला पाहिजे. दोन वायरी असतील तर एकीत, तीन असतील तर दोनांत. मावत नसेल तर तुमच्याकडे बँडविड्थ आहे, रिडन्डन्सी नाही. कधी कधी तेही चालतं! टेस्टिंगचा सर्व्हर असेल तर खुशाल दोन्ही वायरी भरा. फक्त ते ठरवून करा आणि लिहून ठेवा.

दुसरी गोष्ट, वायरी खरंच वेगळ्या आहेत का? एक्स्प्रेस वे आणि जुना हायवे हे दोन रस्ते खरे, पण खंडाळ्याच्या घाटात दोन्हींची वाहतूक वर्षानुवर्षं एकाच पट्ट्यातून जात आली. तिथे दरड आली की दोन्ही अडकायचे. तसंच दोन्ही पोर्ट एकाच नेटवर्क कार्डावर असतील, तर कार्ड गेलं की दोन्ही गेले. दोन्ही वायरी एकाच स्विचमध्ये असतील तर स्विच गेला की संपलं. एलएसीपी दोन स्विचवर पसरवायची तर त्या स्विचना जोडी म्हणून वागता आलं पाहिजे. सिस्कोच्या नेक्ससमध्ये त्याला व्हीपीसी म्हणतात, अरिस्टामध्ये एमलॅग.

तिसरी गोष्ट, बिघाड कळतो कसा? साधी पद्धत म्हणजे एमआयआयमॉन, साधारण १०० मिलिसेकंदांनी पोर्टची लिंक आहे का ते बघणं. पण लिंक आहे म्हणजे पुढचा रस्ता आहे असं नाही. स्विच चालू आहे आणि त्याची वरची जोडणी तुटली, तर पोर्टचा दिवा हिरवाच राहतो. मोड १ मध्ये यासाठी एआरपी मॉनिटरिंग वापरता येतं, म्हणजे गेटवेला सतत विचारत राहायचं, आहेस का. मोड ४ मध्ये ते चालत नाही. तिथे एलएसीपीचेच निरोप असतात. स्लो सेटिंगला ३० सेकंदांनी एक निरोप आणि ९० सेकंदांनी टाइमआउट. फास्टला १ आणि ३. लिनक्समध्ये मुळात स्लो असतं, हे तपासून घ्या.

शेवटचं. स्टेपनी आहे एवढं पुरत नाही, त्यात हवा आहे का ते बघावं लागतं. प्रोमेथियस वापरत असाल तर नोड एक्स्पोर्टर बाँडमध्ये किती पोर्ट आहेत आणि त्यातले किती चालू आहेत, हे दोन्ही आकडे देतो. दोन्ही सारखे नसतील तर अलर्ट लावा, नाहीतर एक पोर्ट कित्येक आठवडे बंद पडलेला असतो आणि कुणाला पत्ता नसतो. आणि सगळ्यांना सांगून, गर्दीच्या वेळेजवळ, एक वायर खरोखर काढून बघा. रात्री ३ वाजता रिकाम्या सर्व्हरची वायर काढली तर फेलओव्हर होतो एवढंच कळतं, लोड पेलतो का ते नाही.

तर मंडळी, या आठवड्यात तुमच्या एका सर्व्हरचा ट्रॅफिकचा ग्राफ उघडा आणि एका वायरीच्या क्षमतेवर आडवी रेघ मारा. ग्राफ त्या रेघेच्या वर जात असेल, तर त्याबद्दल टीममध्ये आत्ताच बोला. भेटू पुढच्या भागात.