काटा कुणाच्या हातात?



मी गोदीत पोती उचलतो. वजन पाठीला कळतं. भाव मात्र काटा धरणारा ठरवतो. बीडच्या कोरडवाहू शेतकऱ्याचंही तेच. दोन क्विंटल कापूस घेऊन एकटा गेला, की व्यापारी म्हणेल तो भाव.

१९७२ साली राज्यात कापूस एकाधिकार खरेदी आली. सहकारी पणन महासंघ कापूस घ्यायचा. पुढं तो एकाधिकार संपला. आता दहा शेतकरी मिळून उत्पादक कंपनी काढतात. शेअर कितीही असोत, माणशी मत एकच. माल एकत्र, गाडीभाडं वाटून, सौदा एका तोंडानं.

पण ज्याचं गायरान अजून नावावर नाही, त्याचं काय? हमीभावानं तूर घालायला सातबाऱ्यावर पीकपेरा लागतो. त्याची तूर पुन्हा व्यापाऱ्याच्याच दारात!

म्हणून आधी सातबारा, मग सभासदत्व, मग काट्यावर आपला हात.