रद्द दाव्यामागचं कारण दिल्लीपर्यंत पोचलं पाहिजे
(तालुक्याच्या बैठकीत कार्यकर्त्यांनी केलेलं भाषण)



आज आम्ही एका ग्रंथालयाबद्दल बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, प्लॉटचा कागद मिळेना आणि ही पोरं ग्रंथालयाचं काय घेऊन बसली! पण ऐका. हे ग्रंथालय दिल्लीला, संसदेचं आहे. तिथं नुसती पुस्तकं नाहीत. खासदाराला एखाद्या विषयावर माहिती पाहिजे असली, की तिथले लोक जुने कायदे, अहवाल, आधीची प्रश्नोत्तरं, आकडे शोधून देतात. ते हातात घेऊन खासदार सभागृहात बोलू शकतो. म्हणून त्या कागदात आपल्याबद्दल काय लिहिलंय, याच्याशी आपला संबंध आहे.

आता कागदाच्या जोडीला संगणक आलाय. लाखो नोंदी एकत्र करायच्या, एकमेकींशी ताडून बघायच्या आणि त्यातून काय दिसतं ते काढायचं, याला बिग डेटा म्हणतात. ब्रिटनच्या संसदेचं ग्रंथालय मतदारसंघवार आकडे मांडून ठेवतं. ते खासदारालाही दिसतात आणि लोकांनाही.

आपल्या जमिनीचे आकडेही दिल्लीला जातातच. वन हक्क कायदा 2006 चा. त्याखाली दावे किती आले, किती मंजूर झाले, किती रद्द झाले, हे राज्य सरकार आदिवासी कार्य मंत्रालयाला कळवतं. खासदाराने प्रश्न विचारला की बहुतेक वेळा राज्यवार तक्ता उत्तराला जोडून येतो. आता त्या तक्त्यातला ‘रद्द’ हा रकाना बघा. एकाला सुनावणीला बोलावलंच नाही. दुसऱ्याच्या गावातल्या म्हाताऱ्यांचे जबाब धरले नाहीत. तिसऱ्याचं शेत उपग्रहाच्या फोटोत दिसलं नाही. तिघेही त्याच रकान्यात. आणि ज्याने कधी जमीन कसलीच नाही, तोही त्यांच्याच शेजारी!

असा नुसता आकडा काय करतो, ते 2019 साली आपण बघितलं. राज्यांनी रद्द दाव्यांचे आकडे शपथपत्रावर सुप्रीम कोर्टात दिले. 13 फेब्रुवारीला कोर्टाने रद्द दावेदारांना जमिनीवरून काढायला सांगितलं. देशभरात दहा लाखांहून जास्त दावे त्या तडाख्यात सापडले. गावोगाव लोक उठले. 28 फेब्रुवारीला कोर्टाने आदेश थांबवला आणि राज्यांना विचारलं, दावे रद्द करताना कायद्याची रीत पाळली का, ते सांगा. म्हणजे शेवटी कारण विचारावंच लागलं. ते आधीच तक्त्यात असतं तर?

म्हणून आपली मागणी अशी. संसदेच्या ग्रंथालयाने आणि संशोधन विभागाने हे आकडे मतदारसंघवार, तालुकावार मांडावेत. दावा कुठल्या समितीने रद्द केला, कशासाठी केला, दावेदाराला लेखी कळवलं का, हे त्यात यावं. शेजारीच खाणीला, धरणाला, रस्त्याला किती जंगल दिलं तेही ठेवावं. एकाच तालुक्यात कसणाऱ्याचे दावे रद्द आणि कंपनीला जंगल मंजूर, असं असेल तर खासदाराला ते एका पानावर दिसेल. मात्र माणसांची नावं उघड्यावर नकोत. गावाचे आकडे पुरेत.

उपग्रहाचा फोटोही बिग डेटातच मोडतो. पण वरई-नाचणीची जमीन दोन वर्षं पड ठेवली की फोटोत झुडपं दिसतात. संगणक म्हणतो, जंगल आहे. तिथं राब कोणी भाजला, हे आपल्या म्हाताऱ्याला विचारा! 2012 च्या सुधारित नियमांत लिहिलंय की फोटो पुराव्याला जोड म्हणून चालेल, दुसऱ्या पुराव्यांची जागा घेणार नाही. गावच्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब हासुद्धा नियमात धरलेला पुरावा आहे.

पण संगणकात जे घातलंच नाही, ते त्यातून निघणार कसं? म्हणून सुरुवात आपल्या गावापासून. प्रत्येक वन हक्क समितीने एक वही घालावी. दावा कधी दिला, पोच आहे का, कुठं अडला, कोणी रद्द केला, काय कारण दिलं, कागद कधी हातात आला. तारीख नक्की लिहा, कारण अपिलाला 60 दिवस असतात. लेखी कारण दिलं नसेल तर तसंच लिहा, ‘कारण दिलं नाही’. वही ग्रामसभेत वाचून ठराव करा आणि नक्कल खासदाराला द्या. प्रश्नाची सूचना त्यांना निदान 15 दिवस आधी द्यावी लागते. तेव्हा अधिवेशन सुरू व्हायची वाट बघू नका.

गावच्या कागदाने दिल्ली हलते का, असं कोणी विचारलं तर त्याला हे सांगा. 2005 साली विधेयक आलं तेव्हा आदिवासींच्या ताब्यासाठी शेवटची तारीख 1980 सालची होती. संघटनांनी संसदेच्या संयुक्त समितीपुढे म्हणणं मांडलं, समितीने तारीख बदलायची शिफारस केली, आणि कायद्यात 13 डिसेंबर 2005 आली. त्या पंचवीस वर्षांत जमीन कसणारी किती घरं वाचली असतील!

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक पाड्याने वही घेऊन यावं. लिहिता येत नसेल तर शाळेतल्या पोरीला बसवा, म्हाताऱ्याने सांगावं, तिने लिहावं.

जल, जंगल, जमीन आमची! जोहार, जिंदाबाद!