फोनच मुलगा मागायला शिकवतो तेव्हा
(पनवेल येथे कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणावरून)



मागच्या महिन्यात आपल्या गटातली एक बाई मला फोन दाखवायला आली. दोन मुली, तिसऱ्यांदा दिवस गेलेले. मुलगाच व्हावा म्हणून काय खायचं ते सांगणारी मराठी जाहिरात. "ताई, मी शोधली नव्हती, आपोआप आली. याला बंदी आहे ना?"

आहे. मुंबईच्या मैत्रिणी गर्भलिंगनिदानाविरुद्ध लढल्या, म्हणून १९८८ मध्ये महाराष्ट्राने देशातला पहिला कायदा केला. १९९४ मध्ये केंद्राचा आला. २००३ च्या दुरुस्तीने जाहिरातबंदीत इंटरनेटचं नावही घातलं. तरी जाहिराती चालूच, तेव्हा २००८ मध्ये डॉ. साबू जॉर्ज सर्वोच्च न्यायालयात गेले. समोर गूगल, याहू, मायक्रोसॉफ्ट. कंपन्यांचा सूर असा की आम्ही नुसता रस्ता, त्यावरून कोण जातं ते आधी कसं तपासणार? (जाहिरातीचे पैसे मात्र रस्त्यालाच मिळतात!) अखेर सप्टेंबर २०१६ मध्ये काही शब्दांवरच्या जाहिराती आपोआप अडवायचं त्यांनी मान्य केलं. नोव्हेंबरमध्ये न्यायालयाने तक्रार कळल्यापासून ३६ तासांत मजकूर काढायला सांगितलं.

म्हणून सगळं कंपन्यांवर सोपवा, असं मी म्हणणार नाही. 'गर्भलिंगनिदान' हा शब्द आपल्या पुस्तिकेतही असतो. यंत्राला जाहिरात कुठली आणि प्रबोधन कुठलं हे कोण शिकवणार? गर्भपात १९७१ पासून कायद्याच्या अटींत बसतो. त्याची माहिती शोधणारीचाही रस्ता बंद झाला तर?

आणि पालघर आठवा. नोव्हेंबर २०१२. मुंबई बंदबद्दल फेसबुकवर लिहिलं म्हणून एकीला, ते आवडलं म्हणून दुसरीला अटक. त्यात लावलेलं कलम ६६ अ न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केलं. त्याच निकालात म्हटलं, न्यायालयाचा किंवा सरकारचा आदेश आला तरच मजकूर काढणं कंपनीवर बंधनकारक. पालघरच्या मुलींसाठी हे हवंच होतं. पण आपल्या बाईच्या तक्रारीचं वजन त्याने कमी होतं, हेही खरं. मला अजून यातून सरळ वाट दिसलेली नाही.

२०२१ च्या नियमांनी कंपन्यांना तक्रार अधिकारी नेमायला लावले. आम्ही दोघींनी मराठीत तक्रार लिहिली. उत्तर इंग्रजीत आलं, आमच्या धोरणात हे बसतं म्हणून. कायद्याचा उल्लेखच नाही! तो कागद मी आणलाय. चहानंतर बसून दुसरा अर्ज लिहू, यावेळी प्रत गर्भलिंगनिदान कायद्याखालच्या समुचित प्राधिकाऱ्यांना. सहीसाठी ती बाईही आली आहे.