मानवी स्वातंत्र्य आणि ईश्वरी न्याय
(मंडळाच्या व्याख्यानमालेतील भाषण)



ज्यू धर्मातील कर्मस्वातंत्र्य व ईश्वरी दंड-पुरस्कार हा आमचा आजचा विषय. तो आपणांस सर्वस्वी परका नाही. कोकणात पिढ्यान्‌पिढ्या मराठीतच संसार करीत आलेले बेने इस्राएल, म्हणजे आपले ‘शनवार तेली’, हे याच धर्माचे अनुयायी होत.

प्रश्न पुरातन आहे. ईश्वर सर्वज्ञ असेल, तर उद्याची आपली करणी त्यास आजच ठाऊक आहे. मग आपल्या हाती उरले काय? आणि काहीच उरले नसेल, तर शिक्षा कोणत्या न्यायाने?

आपल्याकडे पाचवीला सटवाई ललाटलेख लिहून जाते. ज्यूंच्या तालमूद ग्रंथातही अशीच एक कथा आहे. गर्भ राहताच देवदूत ईश्वरास विचारतो, हा जीव सबळ होईल की दुर्बळ, शहाणा की मूर्ख, धनवान की दरिद्री? परंतु सज्जन होईल की दुर्जन, हे मात्र तो विचारीत नाही. ती ओळ कोरी राहते. ती ज्याची त्याने लिहावयाची.

या विचाराला रेखीव रूप दिले ते मायमोनिडीसने. स्पेनमधील कॉर्डोव्हा येथे जन्मलेला हा तत्त्वज्ञ इजिप्तमध्ये वैद्यकी करीत असे. तेथेच १२०४ साली तो निवर्तला. त्याचा युक्तिवाद सरळ आहे. मनुष्याची करणी आधीच ठरलेली असेल, तर धर्माज्ञा व्यर्थ, प्रेषितांचा उपदेश व्यर्थ, आणि दंड म्हणजे तर उघड अन्याय. ईश्वराचे जाणणे आपल्या जाणण्यासारखे नसते. म्हणून त्याच्या ज्ञानाने आपले हात बांधले जात नाहीत.

मग इजिप्तच्या फेरो राजाचे मन ईश्वराने कठोर केले, त्याचे काय? मायमोनिडीस सांगतो, फेरोने प्रथम स्वेच्छेने छळ केला. पुढे पश्चात्तापाची वाट बंद झाली, हीच त्याची शिक्षा.

तथापि प्रत्येक दुःख म्हणजे शिक्षाच, असे हा धर्म मानीत नाही. निरपराध ईयोबाला पापी ठरवू पाहणाऱ्या मित्रांनाच अखेर ईश्वराने दोष दिला. शेजाऱ्याचे दुःख पाहून त्याच्या पापांचा हिशेब मांडू नये, हा बोध आम्हांस मोलाचा वाटतो.

आणि पुरस्कार? वेतनाच्या आशेने राबणाऱ्या चाकरासारखी ईश्वराची सेवा करू नये, असे सोखोचा अँटिगोनस हा प्राचीन आचार्य सांगून गेला. आम्हां नोकरदारांना हा उपदेश जरा जडच!

योम किप्पूर हा त्यांचा प्रायश्चित्ताचा दिवस. बेने इस्राएल बांधव त्या दिवशी दार लावून उपवास करीत. परंतु त्या दिवशीही ईश्वर क्षमा करतो ती केवळ ईश्वराविरुद्धच्या अपराधांची. शेजाऱ्याला दुखविले असेल, तर आधी त्याच्याच दारी जाऊन त्याची समजूत काढावी लागते. स्वातंत्र्याचा अर्थ आम्हांस येथे उमगतो. घडले ते नशिबावर ढकलण्याची सोय येथे नाही. पण परत फिरण्याची मोकळीक अखेरपर्यंत आहे.