पाणी झाडाचे, चूल स्वतःची

युरोपातला मिसलटो आणि आपल्याकडचे बांडगूळ, दोन्ही चंदनाच्या गणातल्या वनस्पती. मातीत न रुजता त्या झाडाच्या फांदीवर वाढतात. पण त्यांना निव्वळ ऐतखाऊ ठरवणे अन्यायाचे आहे. त्यांची पाने हिरवी असतात. अन्न त्या स्वतः तयार करतात. झाडाकडून घेतात ते मुख्यतः पाणी आणि क्षार. पाणी शेजाऱ्याच्या नळाचे, चूल मात्र स्वतःची. हा नळ जोडणारा शोषक साल भेदून थेट लाकडातल्या जलवाहिन्यांना भिडतो. टंचाईत शेजारी काटकसर करतो, पण यांचा नळ वाहतच राहतो. मग नळ जोडलेल्या गाठीच्या पुढची फांदी वाळते.

चूल स्वतःची, हे ध्यानात ठेवले की लोककथाही उलगडतात. हिवाळ्यात ओक निष्पर्ण होतो, त्यावरचा मिसलटो मात्र हिरवागार राहतो. झाडाचा जीव त्यातच साठला आहे, असे लोकांना वाटले तर नवल नाही. पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी गॉलमधल्या, म्हणजे आजच्या फ्रान्सकडच्या, ड्रुइड पुरोहितांचा विधी सांगतो. ओकवर मिसलटो क्वचितच सापडे, म्हणून त्याचे मोल मोठे. चंद्राच्या सहाव्या दिवशी पांढऱ्या वस्त्रातला पुरोहित झाडावर चढून सोन्याच्या कोयत्याने तो कापी. मग दोन पांढऱ्या बैलांचा बळी दिला जाई. उत्तर युरोपातल्या कथेत बाल्डर देवाला इजा न करण्याची शपथ त्याची आई फ्रिग साऱ्या सृष्टीकडून घेते, फक्त कोवळा म्हणून मिसलटोला वगळते. कपटी लोकी नेमका तोच आंधळ्या होडच्या हाती देतो आणि बाल्डर मरतो. नाताळात मिसलटोखाली चुंबन घेण्याची इंग्लंडमधली प्रथा बरीच अलीकडची आहे.

उपयोगांत जुना म्हणजे पक्षी धरण्याचा चिकटा. तो फळांच्या गरापासून करत. मिसलटोचा अर्क जर्मनीत कर्करोगाच्या उपचारांना जोड म्हणून वापरतात. त्याने आयुष्य वाढते, असा भक्कम पुरावा नाही. पाने-फळे विषारी असतात, घरगुती काढा करू नये.

आता आंब्याच्या बागा. बांडगुळाची नुसती पाने ओरबाडणारे बागायतदार चूल मोडतात आणि नळ तसाच ठेवतात! शोषकातून ते पुन्हा फुटते. नळ तोडायचा, म्हणजे गाठीच्या मागे, निरोगी भागातून फांदीच कापायची. तीही फळे पिकण्याआधी, कारण फुलटोच्या पक्षी फळ खातो आणि चिकट बी पुढच्या फांदीवर टाकतो. रानातली बांडगुळे मात्र राहू द्यावीत. शिंजीर त्यांच्या फुलांतला मध पितात आणि हळदीकुंकू फुलपाखराच्या अळ्या त्यांच्याच पानांवर वाढतात.